डिस्कवर तेल मारायला सांगणारा तो 'चकाचक अलॉय'चा मेसेज

शनिवारी दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला, 'अलॉय व्हीलवरची काळी काजळी कायमची घालवण्याचे ६ घरगुती उपाय', आणि खाली स्वतः लिहिलं होतं, 'पहिला उपाय सुरू केलाय, उद्या सकाळी सगळे पाचगणीला'. पहिला उपाय काय, तर ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर, गंज सोडवायचा स्प्रे नाहीतर शिलाई मशीनचं तेल पातळसं मारा, पावडर सुटतच नाही आणि ब्रेकची किरकिर पण बंद होते. मी ताटावरून उठून फोन लावला. तोवर डावीकडचं पुढचं चाक करून झालं होतं आणि उजवीकडचं करायला ते खाली बसलेच होते. वाईत राहतात, पाचगणीला जायचं म्हणजे पसरणी घाट, गाडीत काकू आणि दोन नातवंडं. हाच मेसेज आठवडाभरात मला अजून दोन ग्रुपवर दिसला म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी ती काजळी म्हणजे काय ते बघा, कारण मेसेज लिहिणाऱ्याला तेच कळलेलं नाही. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडच्या, म्हणजे घासणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, मध्ये डिस्क पकडून धरतो, पॅड झिजतात, बिडाची डिस्क पण थोडी झिजते आणि दोन्हीची पूड गरमगरम उडून रिमवर बसते. तिच्यात लोखंड भरपूर असतं, म्हणून पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत ती तिथेच गंजते आणि मग नुसत्या पाण्याने निघत नाही, तपकिरी ठिपके राहतात. पुढची चाकं जास्त काळी दिसतात कारण ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि जास्त काम पुढचे ब्रेक करतात, शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखा ब्रेक असतो, त्याची पूड बरीचशी आतच राहते. म्हणजे ही पूड घर्षणातून येते, आणि गाडी थांबते तीही त्याच घर्षणामुळे. तेलाने तुम्ही नेमकं तेच घालवताय.

तेलाचं पुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण लोक म्हणतात 'थोडंसंच मारलं, पुसलं की झालं'. डिस्क धातूची आहे, ती ब्रेक क्लीनरने पुसून स्वच्छ होते. पॅड मात्र सच्छिद्र असतो, तो तेल आत शोषून घेतो, आणि ब्रेक तापले की तेच तेल परत वर येतं. म्हणजे सोसायटीच्या गेटपर्यंत ब्रेक लागल्यासारखा वाटेल आणि घाटात दहाव्या वळणावर, जिथे खरी गरज आहे तिथे, घसरेल. त्यात एकाच बाजूला तेल असेल तर अजून वाईट, कारण तेलकट चाक धरत नाही आणि कोरडं चाक धरतं, मग गाडी कोरड्या बाजूला ओढते. काकांनी माझ्या सांगण्यावरून गल्लीत पहिल्या गिअरवर, चालायच्या वेगात ब्रेक मारून बघितला तर स्टिअरिंग उजवीकडे गेलं. पहिल्या गिअरवर! घाटात चाळीसच्या वेगाला उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर.

आणि किरकिर बंद होते हे कुठून आलं तेही मला माहितीय. गॅरेजमध्ये पॅड बदलताना मेकॅनिक ग्रीस लावतो ते कोणीतरी बघितलंय. ते ग्रीस वेगळं असतं, जास्त तापमान सहन करणारं, आणि ते लागतं कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लायडर पिनांना आणि पॅडच्या मागच्या पत्र्याला. डिस्कला टेकणाऱ्या बाजूला त्याचा थेंबही जाऊ देत नाहीत. अर्धवट बघून मेसेज बनवला आणि हजारो लोकांना पाठवला, याचा मला खरंच राग येतो. ज्यांनी कोणी हे केलं असेल त्यांनी डिस्क साफ करून गप्प बसू नका, पॅडची जोडी बदला, दोन्ही बाजूंची. पॅड पेट्रोलने धुणं, तव्यावर भाजणं असले प्रकार करू नका.

दुसरा जीवघेणा उपाय म्हणजे त्या मेसेजमधला चौथा, 'उतारावर गाडी न्यूट्रल करा, ब्रेकवर लोड येत नाही, पूड कमी पडते, पेट्रोलही वाचतं'. अहो, साफ उलटं आहे! गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, न्यूट्रलला ते सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो, पूड जास्तच पडते. पेट्रोल पण वाचत नाही, कारण आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंधन जवळपास बंदच करतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. वर ब्रेक ऑइल उकळायचा धोका वेगळा. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशांपर्यंत न उकळता टिकलं पाहिजे असा नियम आहे, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि तशा जुन्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. एकदा ते उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. पूड कमी करायची असेल तर उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, सिग्नल लांबून लाल दिसला की आधीच पाय काढा. हा फुकटचा उपाय त्या मेसेजमध्ये नाहीच.

उपाय दोन, टॉयलेट क्लीनर ओता आणि तारेच्या घासणीने घासा. बाटली उलटी करून वाचा, त्यात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, अ‍ॅसिड त्याला खातं, त्याआधी वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, खराब करतं, आणि ओघळून डिस्क आणि बोल्टवर जातं ते वेगळंच. काळं निघतं हे खरं आहे, ते मी नाकारत नाही, पण त्यासोबत फिनिशही जातं आणि घासणीच्या ओरखड्यात पुढची पूड अजून घट्ट बसते.

उपाय तीन, गाडी फिरवून आणल्या आणल्या गार पाण्याचा फवारा मारा. नको. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी तिच्यासाठी वाईट, आणि गरम रिमवर शाम्पू जागीच सुकून डाग पडतात. चाकाला हात लावून चटका बसत नाही इतकं थांबा, सावलीत धुवा.

उपाय पाच, 'सिरॅमिक पॅड लावा, काजळी शून्य'. हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. सिरॅमिक पॅडची पूड कमी आणि फिकट रंगाची असते त्यामुळे रिम काळी दिसत नाही, आणि युरोपियन गाड्यांच्या लो-मेटॅलिक, म्हणजे थोडा धातू मिसळलेल्या, पॅडची पूड जास्त पडते हे पण बरोबर. पण 'काजळी शून्य' हे खोटं, पॅड आणि डिस्क झिजतेच. तुमच्या मॉडेलसाठी चांगल्या कंपनीचे मिळत असतील तर लावा, स्वस्तात मिळाले म्हणून कुठलेही नको.

सहावा मुद्दा, 'ही साधी रस्त्याची धूळ आहे, काही अपाय नाही, कंप्रेसरने उडवून टाका'. साधी धूळ असती तर युरोपियन युनियनने २०२४ ला मंजूर केलेल्या युरो ७ नियमात तिला मर्यादा कशाला घातली असती? आतापर्यंत गाड्यांचे नियम मुख्यतः सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं तेच मोजायचे, या नियमात पहिल्यांदाच ब्रेकमधून हवेत जाणारे १० मायक्रॉनपर्यंतचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण मोजले जाणारेत. पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला ३, नवीन मॉडेलना २०२६ च्या नोव्हेंबरअखेरीपासून लागू. गणित करून बघा, वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी कार नियमात बसूनही ७० ग्रॅमपर्यंत हवेत सोडू शकणार. इलेक्ट्रिकला कडक मर्यादा परवडते कारण तिथे मोटरच गाडीला बरंचसं थांबवते. कॅलिफोर्नियाने तर २०१० मध्येच पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायचा कायदा केला, कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाऊन माशांना घातक ठरत होतं. आणि तुम्ही ती कंप्रेसरने तोंडासमोर उडवणार, शेजारी पोरं खेळत असताना. आधी पाण्याने भिजवा, मग धुवा. गॅरेजवाल्या पोरांनाही हे सांगा, ती दिवसभर तेच श्वासात घेतात.

मग चाकं धुवायची कशी? दर आठवड्याला, बॉडीच्या आधी, वेगळ्या बादलीत, कार शाम्पू आणि मऊ ब्रश. जुने तपकिरी ठिपके असतील तर आयर्न रिमूव्हर मिळतो, तो लोखंडाला लागला की जांभळा होतो, वास घाण येतो, बाटलीवर लिहिलंय तेवढीच मिनिटं ठेवा आणि सुकायच्या आत धुवा. कोरडं झाल्यावर रिमला वॅक्स किंवा सीलंट लावा, रिमला बरं का, डिस्कला नाही, म्हणजे पुढची पूड सहज निघते. धुतल्यावर जरा फिरवून हलके ब्रेक मारून डिस्क सुकवा. आणि एक बघत जा, एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार काळं होत असेल किंवा पुढच्या दोनपैकी एक अगदीच स्वच्छ राहत असेल तर कॅलिपर अडकलेला असू शकतो, तेव्हा धुणं सोडा आणि गॅरेजला जा.

काकांच्या गाडीला सोमवारी पुढचे पॅड नवे बसले, डिस्क मेकॅनिकने साफ करून दिली. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत विनाकारण गच्च ब्रेक मारायचा नाही असं त्याने सांगितलंय. पाचगणी त्यानंतर.