कीर्तन म्हणालात, म्हणून हे उत्तर

‘स्नोबॉल अर्थ’वरच्या, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी अख्खी पृथ्वी बर्फाने गोठली आणि त्यातूनच पुढे मोठ्या प्राण्यांना वाट मिळाली या मांडणीवरच्या, माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ यांची प्रतिक्रिया आली आहे. (टोपणनावाआडून स्पष्ट बोलायला फार धाडस लागत नाही, असो.) त्यांचं म्हणणं असं: हे विज्ञान नसून कीर्तन आहे. घाटातल्या काळ्या दगडापलीकडे काही न पाहिलेल्या पुणेकराने हिमयुगावर बोलू नये. बर्फ सरल्यावर सहा कोटी वर्षांनी प्राणी दिसतात, मग संबंध काय? भीमबेटक्याच्या गुहेतला डिकिन्सोनिया (आद्य प्राण्याचा जीवाश्म) मी विसरलो, फोटोत मापाला काही ठेवलं नाही आणि प्राण्यांच्या वाढीतला ऑक्सिजनचा वाटा टाळला.

काळ्या दगडाचंच आधी घेऊ. वेताळ टेकडीपासून सिंहगडापर्यंत सगळा बेसॉल्टच आहे, तोही जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्यात हिमयुग शोधायला मी कधी गेलो नाही. पण भूशास्त्राला असताना आमच्या सरांनी आम्हाला हिमाचलात सोलनच्या बाजूला नेलं होतं. ब्लैनीचा थर, म्हणजे त्या हिमयुगातल्या गाळाचा खडक, मी हाताने चाचपलाय, साहेब. बारीक गाळात बोटाएवढे नि डोक्याएवढे गोटे एकत्र कोंबलेले. वाहतं पाणी लहानमोठं वेगळं करत जातं, हिमनदी सगळं एकाच ढिगात टाकते. आणि त्यावर गुलाबी डोलोमाइटची (चुनखडीसारख्या खडकाची) पातळ पट्टी, म्हणजे बर्फाच्या गाळावर थेट उबदार समुद्राचा साका! अशाच जोडीवरून भूशास्त्रज्ञ पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये नामिबियातून मांडणी केली: बर्फाखाली खडकांची झीज थांबली, ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड शोषायला कोणी उरलं नाही, तो लाखो वर्षं साठत गेला आणि शेवटी बर्फ वितळून पृथ्वी तापली. त्या पट्टीपाशी उन्हात उभे राहून सरांनी हे आम्हाला समजावलं. तुमच्या हिशेबी तेही बुवाच असावेत. विषय रंगवून सांगितला की तो खोटा ठरतो, ही समजूत मी वर्गात शिकवतानाही ऐकली आहे. बहुतेकदा शेवटच्या बाकावरून.

फोटोत हातोडी नाहीतर नाणं ठेवायला हवं होतं, हे मात्र मान्य. गोट्यांचा आकार कळत नाही.

सहा कोटी वर्षांचं म्हणाल, तर बर्फ सरून खडक झिजले की फॉस्फरस समुद्रात उतरतो आणि त्यावर शैवाल पोसतं. योखेन ब्रॉक्स यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या खडकांतले चरबीचे अवशेष तपासून २०१७मध्ये दाखवलं, की ६५.९ ते ६४.५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दोन महाहिमयुगांच्या मधल्या काळात, शैवाल एकदम फोफावलं. प्राण्यांना मोठं व्हायला खाणं हवं, ते आलं. स्वयंपाक झाला की लगेच पंगत बसलीच पाहिजे, हा हट्ट कशाला? शिवाय ५८ कोटी वर्षांपूर्वी न्यूफाउंडलंडमध्ये आणखी एक हिमयुग झालं, आणि त्याच बेटावर ५७.४ कोटींच्या खडकांत मोठे जीव दिसतात. ते हिमयुग पृथ्वीव्यापी नव्हतं, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहितो.

भीमबेटका? २०२१चा तो ‘जीवाश्म’ २०२३मध्ये मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा डाग निघाला. स्पष्ट बोलण्याआधी थोडं वाचावं, इतकंच.

ऑक्सिजनवर वेगळा लेख येणारच होता. तुमच्या प्रतिक्रियेमुळे नव्हे.