मामा, ठराव मांडण्याआधी हे वाचा

माझे मामा गावाकडच्या पतसंस्थेचे संचालक. परवा रात्री त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि मागोमाग फोन केला, “वाचलंस का? पुढच्या सभेत ठरावच मांडतो.” मेसेजचा मजकूर असा: फॉक्सप्रोतलं (हिशेबाच्या नोंदी सांभाळणारी जुनी प्रोग्रामिंग भाषा) जुनं सॉफ्टवेअर आता दोन दिवसांत आपोआप नव्या भाषेत बदलून मिळतं, एक ओळही वाचावी लागत नाही, आकडे जसेच्या तसे राहतात, आणि जुन्या प्रोग्रामरला पोसणं म्हणजे सभासदांच्या पैशाची उधळपट्टी. मी याच कामात वीस वर्षं काढली आहेत. हा लोकांच्या ठेवींशी खेळ आहे.

“आकडे जसेच्या तसे राहतात” हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली तरी ती फाईलमधून जात नाही, तिच्या पहिल्या जागेवर फक्त एक स्टार पडतो. ‘पॅक’ ही फाईल साफ करणारी आज्ञा चालवेपर्यंत ती तिथंच असते. जुना प्रोग्राम सुरुवातीलाच ‘सेट डिलीटेड ऑन’ करतो, म्हणजे डिलीट केलेल्या नोंदी लपवायला सांगतो, म्हणून ती कुणाला दिसत नाही. फाईल सरसकट नव्या डेटाबेसात ओतली की रद्द केलेल्या नोंदी पुन्हा बेरजेत येऊन बसतात.

त्याहून वाईट प्रकार बरोबरच्या (=) चिन्हाचा. खाते क्रमांक अक्षरांच्या रकान्यात असेल, तर “१०१२ आणि १०१ सारखे का?” या प्रश्नाला फॉक्सप्रो “हो” म्हणतं. चिन्हाच्या उजवीकडची अक्षरं संपली की तुलना थांबते. पूर्ण जुळणी मागणारं ‘सेट एक्झॅक्ट’ मुळात बंदच असतं. जुन्या लोकांनी हे मुद्दाम वापरलंय: १०१ने सुरू होणारी सगळी कर्जखाती एका ओळीत काढायची. नव्या भाषेत तेच चिन्ह काटेकोर तुलना करतं. प्रोग्राम बिनबोभाट चालतो, एरर येत नाही, आणि कर्जदार यादीतून गळतात. हे ओळ न वाचता कुणाला कळणार?

मराठी नावांचंही तेच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या आजच्या पद्धतीत, नंतर. एका यादीत मी सगळे शिंदे, शिर्के, निकम मोडलेले पाहिलेत, वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. कोड बदलल्यानं हा डेटा सुधारत नाही.

दोन दिवसांचं म्हणाल, तर ब्रिटनच्या टीएसबी बँकेकडे बघा. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सगळी खाती नव्या प्रणालीवर हलवली. ते काही आपोआप रूपांतर नव्हतं, मोठी टीम आणि मोठा खर्च होता. डेटा नीट पोचला, तरी प्रणाली कोलमडली. बँकेचे ग्राहक ५२ लाख, त्यातल्या कितीतरी जणांना खातं उघडेना. घडी बसायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. त्यांच्याकडे माणसं होती तरी ही गत, मग पतसंस्थेनं कुणाच्या भरवशावर उडी मारायची?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. फॉक्सप्रोवर कायम बसून राहता येणार नाही. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केला. आणि आपोआप रूपांतर करणारी ही नवी साधनं फॉर्म, मेनू, रिपोर्टांची हमाली खरंच वाचवतात. मीही वापरतो.

पण जुन्या प्रोग्रामरला घालवू नका. व्याजाच्या प्रोग्रामात एखाद्याच तारखेची अट असते. ती का घातली, हे एक तर ठरावाच्या वहीत असतं किंवा त्या माणसाच्या डोक्यात.

मामा, विक्रेत्याकडून एवढंच लेखी घ्या: तीन महिने दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालतील, रोजचा दिवसअखेर ताळा पैशापर्यंत जुळेल, आणि सप्टेंबरअखेरची व्याज आकारणी दोन्हीकडे करून खातेनिहाय यादी जुळवली जाईल. तो सही करत नसेल, तर ठराव पुढच्या सभेवर ढकला. जुन्या फाईलींची एक कॉपी आजच वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ठेवा.