कानबाईचा फोटो मी पेजवरून काढणार नाही

आज सकाळी साडेदहाला फोन. मार्केटिंगवाला, पुण्याचा, माझ्या इंटिरियरच्या कामाची जाहिरात करतो म्हणाला. आवाज इतका गोड की मीच आधी "बोला ना दादा" म्हणाले. महिन्याला 25,000, त्यात बारा रील्स, जाहिराती आणि 'क्वालिफाइड लीड्स', म्हणजे खरंच काम देतील अशी गिऱ्हाइकं. इथपर्यंत ठीक. मग म्हणतो, "मॅम, तुमच्या पेजवर तो नारळ-साडीचा फोटो आहे ना, तो आधी काढा. प्रीमियम वाटत नाही. फीड बिघडतं."

नारळ-साडी! अरे बाबा, कानबाई आहे ती. आमच्या खानदेशची देवी, श्रावणात नारळाला साडी-नथ घालून घरात बसवतात.

अमळनेरच्या एका काकूंचा हॉल. अकरा फुटांची भिंत, तिच्यावर मी भिंतभर टीव्ही युनिट काढलेलं. फ्लुटेड पॅनल, प्रोफाइल लाइट, सगळा थाट. थ्रीडी बघून पोरं खूश, काका खूश. काकू चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आठे कानबाई कोठे बसाडू माय?" इथे कानबाई कुठे बसवू, म्हणे.

मी जळगावात वाढलेली. आणि मला हे सुचलं नव्हतं. अशी लाज वाटली म्हणून सांगू!

मग युनिटचं खालचं कपाट सुटं केलं, चाकांवर, म्हणजे सरकवलं की कानबाईला जागा. पीओपीच्या आधी स्लॅबमध्ये सजावट टांगायला दोन हुक बसवून घेतले, दिव्यांच्या माळेसाठी एक प्लग पॉइंट. खर्च किरकोळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी काकूंनी बोलावलं. घर भाऊबंदांनी गच्च, पोरं जमिनीवर लोळतायत, फोटो त्या रात्रीचा. माझं पॅनल त्यात धड दिसतही नाही. (रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदकीतच खायचा, म्हणून माझी बोळवण चहावर.) सोमवारी विसर्जन झालं आणि आठवडाभरात तीन फोन. "त्या हुकवाल्या ताई तुम्हीच ना?"

याहून क्वालिफाइड लीड काय असते हो?

आणि प्रीमियम म्हणजे काय ते बघतेच आहे मी. पिंटरेस्टवरून उचललेला इटालियन मार्बल, खाली 'आमचं काम'. त्या चित्रात स्विचबोर्ड नाही, सिलिंडर नाही, कूलर तर नाहीच नाही. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश, कूलर कुठे ठेवणार ते दाखव की! गिऱ्हाईक चित्राला भुलतं, सिंकखाली पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या नावाने साधी, फक्त दमट हवेपुरती एमआर प्लाय लागते, दोन पावसाळ्यांत फुगते. मग 'इंटिरियरवाले सगळे चोर' हे ऐकायला आम्ही. मी मरीन प्लायवरच्या आयएस 710 या शिक्क्याचा जवळून घेतलेला फोटो टाकला होता पेजवर. सात लाइक. त्यातला एक आमच्या ह्यांचा.

बरं, ऑनलाइनने काहीच मिळत नाही असंही नाही. गुगलवरचे रिव्ह्यू वाचून एका जोडप्याने भुसावळचं आईवडिलांचं घर माझ्याकडे दिलं, दोघंही पुण्यात नोकरीला. झालं, मान्य केलं.

पण त्या घरातही पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी त्यांच्या आईला विचारलं, कानबाई कुठे बसते? खापरावरचे मांडे मागच्या अंगणात करता की गच्चीवर? बाई अर्धा तास बोलत होत्या. मुलाला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

फोन मी जरा जोरातच ठेवला, हे लिहिताना वाईट वाटतंय. पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल, डोक्यावर टार्गेट असणार. त्याला कोण सांगणार कानबाई काय ते? मलासुद्धा काकूंनी विचारावं लागलं होतं, आणि मी तर इथलीच.

तरी फोटो काढणार नाही. उलट काकूंना विचारून आता तो पेजवर सगळ्यात वर पिन केलाय. त्या म्हणाल्या, ठेव, पण नथ नीट दिसू दे.

चला, पारोळ्याला निघते. बिजागऱ्या चुकीच्या आल्यात म्हणून सुतार दुपारपासून नुसता बसून आहे.