एक नंबर आणि एकोणीस नंबर

परवा रविवारी सकाळी टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर आमच्यात असला वाद रंगला की गाडीवाल्यानं शेवटी कप काढून घेतले. विषय काय, तर बेळगाव जिल्ह्यानं दिलेला सगळ्यात मोठा खेळाडू कोण. एका बाजूला आमचे काका, वय 74, अजून कुठं जत्रेत कुस्तीचं मैदान भरलं की सगळ्यात आधी जाऊन मातीजवळची जागा धरणारा माणूस, दुसऱ्या बाजूला मी एकटा, आणि बाकीचे तिघं नुसते मजा बघणारे.

काकांचं उत्तर ठरलेलं. श्रीपती खंचनाळे. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा गाव, तिथला पोरगा कोल्हापूरला शाहूपुरी तालमीत जातो काय आणि 1959 ला दिल्लीत पंजाबच्या बत्ता सिंगला हरवून देशातला पहिला हिंदकेसरी होतो काय! पहिला म्हणजे त्याच्या आधी कुणीच नाही. काका हे सांगताना अजून मांडीवर थाप मारतात. आमच्या आजोबांनी ती बातमी कुणाच्या तरी दुकानात पेपर वाचून घेतल्यावर गल्लीत येऊन सगळ्यांना सांगितली होती म्हणे, आणि दुसऱ्या दिवसापासून काकांच्या खुराकात दूध अर्धा लिटर वाढलं. काका पैलवान झाले नाहीत ती गोष्ट वेगळी. दूध मात्र संपवलं.

मी म्हटलं काका, सगळं मान्य, खरं माझा माणूस वेगळा आहे. फडेप्पा दरेप्पा चौगुले. काका म्हणाले कोण हा, कुठल्या तालमीचा? मी म्हटलं तालमीचा नाही, पळणारा. बेळगावचा, 1920 ला अँटवर्प ऑलिंपिकला गेलेला, मॅरेथॉन पळालेला. मग काकांनी एकच प्रश्न विचारला, कितवा आला. मी म्हटलं 19 वा. सगळा गाडा हसला. काका म्हणाले, "काय सांगूलालास रे, हिंदकेसरीसमोर 19 वा नंबर ठेवूलालास?"

तिथंच मी हरलो, खरं घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितोय.

आधी एक कबुली, मी स्वतः चाळिशीनंतर पळायला लागलेला माणूस आहे, पोट कमी करायला, हाफ मॅरेथॉन एकदाच केली आणि ती दोन तास 26 मिनिटांत, शेवटचे तीन किलोमीटर तर चालतच. त्यामुळे मी आकडे वाचतो ते पायांनी वाचतो. चौगुल्यांचा टाइम आहे 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. आता यात गंमत अशी की अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीच्या 42.195 ची नव्हती, ती होती 42.75 किलोमीटरची, म्हणजे अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्तच. भागाकार करून बघा, किलोमीटरला चार मिनिटं पडतात, उलट एक-दोन डोळे मिचकावण्याइतकी कमीच. मी परवा व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत त्या स्पीडनं पळून बघितलं. पहिला किलोमीटर 4 मिनिटं 20 सेकंद, दुसरा झालाच नाही, एका बाकड्यावर बसलो आणि मॉर्निंग वॉकवाल्या एका आजींनी पाणी दिलं. हा माणूस असले बेचाळीस किलोमीटर पळाला, एकामागून एक, परक्या देशात, पावसाळी थंड हवेत. पहिला आला तो फिनलंडचा कोलेमाइनेन, 2 तास 32 मिनिटांत. म्हणजे मध्ये अंतर अठरा मिनिटांचं. जगातला सगळ्यात भारी माणूस आणि बेळगावचा चौगुले यांच्यात फक्त अठरा मिनिटं.

आणि 19 वा हसण्यासारखा नंबर आहे असं वाटत असेल तर पुढचं ऐका. 2016 ला रिओत आपला गोपी टी. 25 वा आला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, केलंच पाहिजे. शिवनाथ सिंग 1976 ला मॉन्ट्रियलला 11 वा आला, तो चौगुल्यांच्या पुढं. मध्ये गेली 56 वर्षं.

आता मला जे खरं म्हणायचंय ते हे. खंचनाळे मोठे होतेच, खरं त्यांच्या पाठीमागं एक अख्खी व्यवस्था उभी होती. शाहू महाराजांपासून चालत आलेली कोल्हापूरची कुस्ती, तालीम, वस्ताद, रोज पहाटे अंगावर घ्यायला जोडीचे पैलवान, खुराक, हलगी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बघणारे. आपल्याकडं सीमाभागातल्या कुठल्याही गावात बिनशाळेचा म्हाताराही सांगेल घिस्सा कसा लागला आणि ढाक कुठं चुकली. पैलवानाला दाद देणारा समाज आधीच तयार होता, तो फक्त पैलवान यायची वाट बघत होता. पळणाऱ्याला काय होतं? वस्ताद नाही, खुराक नाही, फड नाही, फेटा नाही. 1919 ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यातली पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी बघितली, आणि त्यांचे टाइम बघून त्यांच्या डोक्यात आलं की ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत. तिथून ती टीम उभी राहिली, टाटांनी पदरचे पैसे घातले, आणि भारताची पहिली ऑलिंपिक टीम बोटीनं निघाली. त्या टीममध्ये कुस्तीचे दोघं पण होते, हे काकांना सांगितल्यावर जरा बरं वाटलं त्यांना.

म्हणजे बघा, हिंदकेसरी पहिला असला तरी त्याच्या आधी शेकडो मल्ल होऊन गेलेले, वाट मळलेली होती. चौगुल्यांच्या आधी वाटच नव्हती. बेळगावच्या एका पोरानं ठरवलं मी लांब पळणार, आणि त्याला शिकवणारं, समजून घेणारं, पळून आल्यावर खांद्यावर घेणारं कुणी आसपास असेल का, मला नाही वाटत. म्हणून माझं मत चौगुल्यांना. पैलवान मंडळींनी राग मानू नये.

एक गोष्ट मात्र दोघांची सारखी आणि ती मला टोचते. 1959 ला खंचनाळ्यांचं गाव म्हैसूर राज्यात, तालीम कोल्हापूरची, किताब दिल्लीत. 2020 ला डिसेंबरात गेले तेही कोल्हापुरातच, आणि सगळ्यांनी कोल्हापूरचे म्हणूनच त्यांना निरोप दिला. चौगुल्यांचं नाव निघतं ते पुण्याच्या गोष्टीत. आम्ही इकडं बोर्ड कुठल्या भाषेत यावर भांडत बसलो आणि आमची माणसं दुसऱ्यांच्या यादीत गेली. चौगुल्यांचं तर नाव फडेप्पा, दोन्ही भाषांनी आपलं म्हणावं असं, तरी कुणीच म्हटलं नाही.

गाड्यावरच्या तिघांपैकी एकजण शेवटी बोलला, अरे गोल्ड मेडल तर आपल्या बेळगावच्या बंडू पाटलांच्या हॉकी टीमचं, 1964 टोकियो ऑलिंपिक, फायनलला पाकिस्तानला 1-0. दोन मिनिटं सगळे गप्प. मग काका म्हणाले हॉकी अकरा जणांची, इथं एकेकट्याचा विषय चाललाय. सोयीचा नियम! घरी पोरीला सांगितलं तर ती म्हणाली तुमच्या यादीत एक पण बाई नाही, तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 ला एशियन गेम्सला कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्याच एका खेळात, ब्राँझ घेऊन आली, ती काय बेळगावची नाही? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी जेवायला बसलो.

काल रात्री काकांचा फोन. नमस्कार नाही काही नाही, थेट प्रश्न, "त्या तुझ्या शर्यतीत एकूण किती पळाले रे?" मी म्हटलं काका 48 जण सुटले, 35 पोचले. थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "म्हणजे सोळाजण मागं पडले आणि तेराजण मैदान सोडून गेले. 29 कुस्त्या झाल्या की रे एका दिवसात."

मी म्हटलं काका, सोडून गेलेल्यात एक आपल्याच टीमचा होता, दातार म्हणून.

"मग 28 धर," म्हणाले, आणि फोन ठेवला.