फिश ऑइलची एक गोळी आणि मांडीचे स्नायू

ठाण्यात उपवनला सकाळी चालणाऱ्या आमच्या ग्रुपवर फिरतंय : 'साठीनंतर रोज फिश ऑइलची एक गोळी घ्या, स्नायू वाढतात, व्यायामाची गरज नाही.' एका गोळीत? डबी उलटी करून बघा. 1000 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलिग्रॅम (माशाच्या तेलातली ही दोन मुख्य ओमेगा-3 फॅट्स). कामाचं ओमेगा-3 जेमतेम 300. अमेरिकेतल्या 2015च्या अभ्यासात ज्येष्ठांच्या मांडीचे स्नायू व्यायामाशिवायही थोडे वाढले, हे खरं. पण ओमेगा-3चा डोस रोज 3 ग्रॅमच्या वर, तोही सहा महिने. म्हणजे अशा अकराएक गोळ्या! (माशाचे ढेकर वेगळे.) शिवाय तेलात प्रथिनं नसतात, ती बांगड्यात, अंड्यात, डाळीत. डंबेल्स सोडू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.