उंदीर शिंकला नाही, म्हणजे काय सिद्ध झालं?

‘गोदाकाठ’ यांस, नमस्कार.

ॲलर्जीच्या शिंकांवर नाकात टाकायच्या एका हर्बल थेंबांच्या जाहिरातीवर मी लिहिलं होतं. ‘उंदरांवरील प्रयोगात सिद्ध’ एवढ्यावरून ते औषध माणसाला लागू पडेल असं म्हणता येत नाही, हा त्या लेखाचा मुद्दा. त्यावर तुम्ही परभणीहून बरंच खरमरीत लिहिलंत. सार असं: ॲलोपॅथीची औषधंही उंदरांवरूनच आली, मग हर्बललाच वेगळा न्याय का? उंदराला अंड्याचा पांढरा बलक टोचून आणलेल्या शिंकांचा आमच्या सोयाबीनच्या भुसकटाशी काय संबंध? आणि राशीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत थेंबांनी मला आराम पडतो, तो काय खोटा?

पहिला आणि दुसरा आक्षेप एकमेकांशी भांडतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तरी दोन्हींत तथ्य आहे.

न्यायाचं आधी. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि आन-मरी स्टॉब यांना एक रसायन सापडलं. हिस्टामिनचा (ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या, शिंका आणणाऱ्या रसायनाचा) जीवघेणा डोस दिलेले गिनीपिग त्याने वाचत होते. प्रयोग यशस्वी, पण रसायन इतकं विषारी की माणसाला देणं अशक्य. माणसाला चालेल असं पहिलं औषध यायला १९४२ उजाडलं. बोव्हेंना १९५७ चं नोबेल मिळालं. म्हणजे प्राण्याने दिशा दाखवली, पण निकाल माणसांवरच्या चाचण्यांनी दिला. आणि तिथेही गफलत होते. टर्फेनाडिन हे झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध जगभर खपलं. काही अँटिबायोटिक्स किंवा बुरशीच्या औषधांसोबत घेतलं की हृदयाचे ठोके बिघडतात हे नंतर कळलं, आणि १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. उंदराच्या हृदयाची विद्युतरचना आपल्यापेक्षा वेगळी असल्याने हा धोका त्याच्यात दिसलाच नसता. तेव्हा कंपनी ॲलोपॅथीची असो की आयुर्वेदाची, नुसता उंदीर पुढे केला तर माझा प्रश्न तोच राहील.

आता अंडं. बहुतेक प्रयोगांची पद्धत ठरलेली आहे. पांढऱ्या उंदराला अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन, शरीराची प्रतिक्रिया वाढवणाऱ्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळून पोटात टोचतात, काही दिवसांनी पुन्हा. त्याच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई हे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड तयार झालं की तेच प्रथिन रोज नाकात थेंबाथेंबाने सोडतात. मग ठरावीक मिनिटांत तो किती वेळा शिंकला, पंजाने नाक किती वेळा चोळलं, हे मोजायचं. शेवटी नाकाच्या अस्तरात इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी किती जमल्या ते बघायचं.

तुमच्या नाकात मात्र धूळ श्वासातून, वर्षानुवर्षं, थोडी थोडी गेलेली असते. पोटात कुणी काही टोचलेलं नसतं. म्हणून काही संशोधक परागकण किंवा घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे वापरतात. जपानमध्ये सीडर झाडाच्या परागांनी गिनीपिगचं नाक चोंदवतात. आपल्या बांधावरच्या गाजरगवताच्या नात्यातल्या रॅगवीडवरही असं काम झालंय. पण अंड्याचं प्रथिन स्वस्त, शुद्ध आणि दरवेळी तेच असतं, म्हणून प्रयोगशाळा ते सोडत नाहीत. आयजीई आणि हिस्टामिनची साखळी उंदरात आणि माणसात मोठ्या प्रमाणात सारखीच असल्याने मला त्याचं फारसं वावडं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. औषध दिलं कधी? अनेक प्रयोगांत ते ॲलर्जी तयार होत असतानाच सुरू केलेलं असतं. पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक चोळणं आणि पिवळ्या पडलेल्या उभ्या पिकावर फवारणी करणं यात जो फरक, तोच इथे. तुम्ही डॉक्टरकडे जाता ते ॲलर्जी मुरल्यावर. तशा, आधीच ॲलर्जी झालेल्या उंदरावर औषध चाललं का, हे जाहिरात सांगत नाही.

दुसरं, शिंका मोजणाऱ्याला कुठला उंदीर औषधाचा आणि कुठला नुसत्या पाण्याचा हे माहीत होतं का? माहीत असेल तर मोजणी वाकते, मुद्दाम नाही तरी वाकते.

तिसरं, डोस. समजा उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क पाजला. माणसासाठी तो आकडा साधारण १२ ने भागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास १ ग्रॅम अर्क पोटातून. तुम्ही टाकता नाकात दोन थेंब. मग प्रयोग नेमका कशाचा झाला?

तुमचा आराम मी खोटा म्हणत नाही. पण मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं, आणि कुठलाही थेंब थोडंफार नाक धुतोच. रास आटोपली, वारा फिरला तरी शिंका कमी होतात. माणसांच्या चाचण्यांत नुसतं पाणी घेणाऱ्यांनाही फरक पडलेला दिसतो, म्हणून तर तिथे दोन गट लागतात. तुम्हाला कुणी असे दोन गट दाखवले का?

‘मग करू काय?’ असंही तुम्ही विचारलंत. राशीला उभं राहताना नाकातोंडाला घट्ट मास्क हवा, नुसता गमछा बारीक धूळ अडवत नाही. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे दिला असेल, तर तो मळणीच्या दिवशी एकदम मारून उपयोग नाही. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात, त्यामुळे आठवडा-दोन आठवडे आधी सुरू करावा का हे त्यांनाच विचारा. मारताना स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि सर्दीची जुनी, झोप आणणारी गोळी घेऊन थ्रेशरमध्ये पेंढ्या टाकायला जाऊ नका. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते, तेव्हा ती पहिल्यांदा घ्यायची तर घरी, रात्री घेऊन बघा.