पॅरामॅटा, मावळ आणि दाजींचा प्रश्न

मागच्या महिन्यात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे आमच्या ताईचे मिस्टर, वाकडला राहतात, रिटायर झाल्यापासून राजकारण हा त्यांचा फुलटाइम जॉब झालाय. विषय अर्थातच परिसीमन, म्हणजे लोकसंख्या बघून लोकसभेच्या जागा वाटल्या तर दक्षिणेवर अन्याय होणार का, स्टॅलिन बरोबर बोलतायत का, महाराष्ट्राला काय मिळणार, असं सगळं पाऊण तास झालं आणि शेवटी म्हणाले, "तुमच्याकडं तिकडं काय पद्धत असते रे? का तुम्हाला फक्त बीच आणि बार्बेक्यू?"

बीच माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे, पण ते जाऊ दे. मी सिडनीच्या पश्चिमेला वेस्टमीडला राहतो, आमचा फेडरल मतदारसंघ पॅरामॅटा. खरं सांगायचं तर नागरिकत्व घेतल्यावर पहिली दोन वर्षं मला हे नावही नीट माहीत नव्हतं. दाजींच्या प्रश्नामुळे वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो.

पॅरामॅटा हा इथल्या पहिल्या पिढीतल्या मतदारसंघांपैकी एक. १९०१ ला ऑस्ट्रेलियाचं फेडरेशन झालं, पहिली निवडणूक झाली, तेव्हापासून आजपर्यंत हे नाव मतपत्रिकेवर आहे. पहिला खासदार जोसेफ कुक, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा, लहानपणी कोळशाच्या खाणीत गेलेला पोरगा, इथं येऊनही खाणीतच काम केलं. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळात मजूर पक्षाचा नेता होता, मग पक्षाच्या शपथेवरून भांडण झालं आणि बाहेर पडला, आणि सरकत सरकत बरोबर समोरच्या गटात जाऊन १९१३ ला पंतप्रधान झाला. बहुमत किती? एका जागेचं. सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, विरोधकांकडे. त्याने वैतागून दोन्ही सभागृहं एकदम विसर्जित करायला लावली, देशात पहिल्यांदाच, आणि १९१४ च्या त्या निवडणुकीत आपटला. प्रचार चालू असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. हे सांगितल्यावर दाजी खूश, "म्हणजे पक्षांतर तुमच्याकडे पण जुनंच आहे."

पुढे ही जागा वकिलांची झाली. गारफील्ड बारविक १९५८ ते ६४ इथून खासदार, तिथून थेट सरन्यायाधीश, आणि १९७५ ला गव्हर्नर जनरलने पंतप्रधान व्हिटलमचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं तेव्हा तसं करायला हरकत नाही हा सल्ला देणारे हेच. ह्या बरखास्तीवर आजही इथल्या म्हाताऱ्यांची कडाक्याची भांडणं होतात, आपल्याकडे आणीबाणीवर होतात तशी, वर्षही तेच.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती १९७७ ची गोष्ट. तोपर्यंत ही जागा उजव्यांची पक्की. फिलिप रडक नावाचा तरुण लिबरल (नाव लिबरल, पण इथला उजवा पक्ष तोच) खासदार १९७३ ची पोटनिवडणूक जिंकून बसलेला. आणि १९७७ ला सीमा बदलल्या, मतदारसंघ मधोमध चिरला, लिबरलला मानणारा तुकडा डंडास नावाने वेगळा झाला आणि उरलेला पॅरामॅटा मजूर पक्षाकडे झुकला. त्या वेळी देशात सरकार कुणाचं? लिबरलांचं! म्हणजे सत्तेतल्या पक्षाच्या खासदाराची जागा त्याच्या नाकासमोर कापली गेली आणि तो काय करू शकला, तर सामान उचलून डंडासला गेला. पुढे डंडासही रद्द झालं तेव्हा बेरोव्राला गेला आणि २०१६ पर्यंत खासदार राहिला. माणूस टिकला, जागा पायाखालून दोनदा गेली. २००६ ला पुन्हा उलटं झालं, तेव्हा ज्युली ओवेन्स ह्या मजूर पक्षाच्या खासदार होत्या आणि नव्या सीमांमुळे त्यांची स्वतःचीच जागा कागदावर विरोधकांची झाली, २००७ ला त्या लढल्या आणि जिंकल्या.

हे करतं कोण, तर एक चार जणांची समिती. निवडणूक आयुक्त, त्या राज्यातला त्यांचा अधिकारी, राज्याचा सर्व्हेअर जनरल आणि राज्याचा ऑडिटर जनरल. म्हणजे एक जमीन मोजणारा आणि एक हिशेब तपासणारा, बघा ना किती रुक्ष. लोकांकडून सूचना मागवतात, मग मसुदा, मग हरकती, सगळं छापून उघडं ठेवतात, कुणीही वाचावं. शेवटचा निर्णय झाला की संसदेची मंजुरी वगैरे काही लागत नाही. एका मतदारसंघात न्यू साउथ वेल्समध्ये साधारण सव्वा लाखाच्या आसपास मतदार, आणि राज्याच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. शिवाय साडेतीन वर्षांनंतर किती होतील ह्याचा अंदाज काढून तिथं तर साडेतीन टक्केच सूट. जागांची संख्या बदलली नाही तरी सात वर्षांनी नकाशा पुन्हा काढायचाच.

आता मावळ घ्या, दाजींचा लोकसभा मतदारसंघ. २०२४ ला मतदार पंचवीस लाखांच्या वर. म्हणजे एका मावळात वीस पॅरामॅटा बसतात आणि वर थोडी जागा उरते. बरं भारत मोठा देश आहे म्हणून सोडून देऊ, पण आपल्या आपल्यात तरी समान आहे का? रत्नागिरी-सिंधुदुर्गात साडेचौदा लाखांच्या आसपास. विधानसभेत तर आणखी मजा, दाजींच्या चिंचवडमध्ये सहा लाखांहून जास्त मतदार आणि मुंबईत वडाळ्याला दोन लाखांच्या आसपास. म्हणजे वडाळ्याच्या एका मताला वाकडची तीन मतं. कारण साधं आहे, २००८ ला ज्या सीमा आल्या त्या २००१ च्या जनगणनेवर, आणि २००१ ला वाकडला काय होतं, शेतं होती हो! आम्ही हिंजवडीला जाताना सायकलवरून ऊस तोडलेला मला आठवतोय. आज त्याच ठिकाणी बावीस मजल्यांचा टॉवर आहे आणि पाण्याचा टँकर आत वळताना सगळा रस्ता अडतो.

दाजींना हेच सांगत होतो की तमिळनाडू विरुद्ध उत्तर प्रदेश हे भांडण महत्त्वाचं आहेच, पण तुमची स्वतःची किंमत तुमच्याच राज्यात एक तृतीयांश झालीये त्यावर तुम्ही एक शब्द बोलत नाही. त्यावर ते म्हणाले, "ते आमचं आम्ही बघू."

आता इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाहीये. परदेशात राहून घरच्यांना अक्कल शिकवणारे पुष्कळ आहेत, मला त्या रांगेत उभं राहायचं नाही. टास्मानियाला घटनेने किमान पाच जागा दिल्यात, लोकसंख्या कितीही कमी असो, त्यामुळे तिथल्या एका मताचं वजन माझ्यापेक्षा खूप जास्त. आणि सिनेटमध्ये तर प्रत्येक राज्याला बारा जागा, न्यू साउथ वेल्सला बारा आणि टास्मानियालाही बाराच. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा राग आला होता. आता दक्षिणेतल्या राज्यांचं म्हणणं ऐकताना वाटतं की ह्यात शहाणपण आहे. खालच्या सभागृहात माणशी हिशेब कडक ठेवता येतो कारण वरच्या सभागृहात राज्य म्हणून प्रत्येकाला सारखी खुर्ची आहे. आपली राज्यसभाही लोकसंख्येच्याच बाजूने झुकलेली, उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९, तमिळनाडूला १८. मग ज्याची लोकसंख्या आटोक्यात आली त्याने भरवसा कशावर ठेवायचा? १९७६ ला राज्यांच्या लोकसभेच्या जागा गोठवल्या, २००१ ला पुन्हा गोठवल्या, आता जनगणनेची तारीख १ मार्च २०२७. पन्नास वर्षं माळ्यावर सामान टाकत राहायचं आणि मग एका रविवारी माळा साफ करायला काढायचा, घरात भांडणं होणारच.

इथं माळा सारखा झाडतात, म्हणून प्रत्येक वेळी निघणारी धूळ कमी. अगदी निघतच नाही असं नाही. २०२३ ला हिशेब झाला, न्यू साउथ वेल्सची एक जागा कमी, व्हिक्टोरियाची एक कमी, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची एक वाढली. आमच्याकडचा नॉर्थ सिडनी मतदारसंघच रद्द झाला, तोही १९०१ चा, पॅरामॅटाचा सख्खा भाऊ. खरं तर १९०१ ची नावं शक्यतो राखायची असा इथला संकेत आहे, तरी गेला. तिथल्या अपक्ष खासदार बाईंची जागा निवडणूक न हरताच गेली. हरकती आल्या, लोक हळहळले, आणि संपलं.

ते वाचताना मला आजोबा आठवले, आईचे वडील, कणकवलीचे. २००८ ला राजापूर लोकसभा मतदारसंघ रद्द होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला तेव्हा ते अंगणात बसून पेपर वाचत होते. नाथ पै आणि मधु दंडवतेंचा राजापूर. चष्मा काढून एवढंच म्हणाले, "आमचो राजापूर गेलो." आणि पुढचं पान उलटलं. पुढची निवडणूक आली तरी ते राजापूरच म्हणायचे, कुणी सुधारलं की ऐकू न आल्यासारखं करायचे.

आपला परिसीमन आयोगही काही वाईट नाही हे मी दाजींना मुद्दाम सांगितलं. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, खासदार-आमदार नुसते सोबतीला, मत नाही. घोळ खरा खाली आहे, महापालिकेत. २०१२ ला दोन नगरसेवकांचा एक प्रभाग, २०१७ ला चारचा, मग आघाडी सरकारने आधी एकचा ठरवला, मग तीनचा, मग सरकार बदललं आणि परत चारचा. मुंबईत २२७ चे २३६ केले आणि पुन्हा २२७. ज्याच्या हातात सत्ता त्याने ठरवायचं की नगरसेवक एकटा उभा राहणार का चौघांच्या घोळक्यात. २०२२ ला व्हायच्या निवडणुका २०२६ च्या जानेवारीत झाल्या. इतकी वर्षं दाजींच्या गल्लीला नगरसेवकच नव्हता आणि ड्रेनेजची तक्रार करायला ते वॉर्ड ऑफिसच्या खिडक्या बदलत फिरत होते. इथं रडकची जागा त्याच्याच सरकारला वाचवता आली नाही, ह्याचं मला कौतुक वाटतं ते ह्यासाठी.

आजच्या पॅरामॅटाबद्दल सांगायचं तर तुम्ही हॅरिस पार्कला विग्रॅम स्ट्रीटवर शनिवारी संध्याकाळी उभे राहिलात तर सिडनीत आहोत हे विसराल. डोसा, चाट, पानाची टपरी, सोन्याची दुकानं, पार्किंगवरून शिव्या. त्याच्या आधी इथं लेबनीज लोक आले, त्यांचं मॅरोनाइट चर्च अजून तिथंच उभं आहे. त्याच्याही आधी इंग्रजांची पहिली शेतं, आणि सगळ्याच्या आधी बुरामट्टागल लोक, ज्यांच्या नावावरून पॅरामॅटा झालं, ईल माशांची जागा. २००९ ला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा पोरं ह्याच रस्त्यांवर उतरली होती. २०२३ ला मोदी आले तेव्हा इथल्या लिटिल इंडियाच्या कमानीची पायाभरणी झाली. चौदा वर्षांत रस्ता तोच, पण पुढाऱ्यांच्या नजरेत आमची किंमत वाढली, कारण आम्ही नागरिक झालो आणि मतदार झालो.

तरी उमेदवारी देताना काय झालं? २०२२ ला मजूर पक्षाने सिडनीच्या श्रीमंत पूर्वेकडून अँड्र्यू चार्लटन ह्या अर्थतज्ज्ञाला आणून इथं उभं केलं, इच्छुकांत भारतीय मुळाचे स्थानिक लोक होते ते बाजूला राहिले. उपरा उमेदवार म्हणून बोंब झाली, अगदी आपल्याकडे होते तश्शी. माणूस निवडून आला, इकडे राहायला आला, गणपतीला येतो, भारतावर पुस्तकही लिहिलं, २०२५ ला आणखी मोठ्या फरकाने जिंकला. मी त्याला मत दिलं की नाही ते सांगणार नाही.

मतदान मात्र करावंच लागतं, १९२४ पासून सक्ती आहे, नाही केलं तर वीस डॉलर दंड. वीस डॉलर म्हणजे दोन थाळ्याही येत नाहीत, तरी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक येतात. पुण्यात २०२४ ला जेमतेम त्रेपन्न-चोपन्न. मतदान कायम शनिवारी, प्राथमिक शाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशाला पेन्सिलने सगळ्या उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहायचे, एक जरी चुकला तरी मत बाद होऊ शकतं, आणि बाद मतांचं प्रमाण आमच्याच पश्चिम सिडनीत सगळ्यात जास्त असतं. बाहेर सॉसेज भाजत असतात, शाळेच्या फंडासाठी. आमच्या हिचा शनिवारचा उपास, त्यामुळे दर वेळी ती सॉसेजच्या वासातून नाक दाबून जाते आणि पुटपुटते, ह्यांना रविवार मिळाला नाही का.

हे दाजींना सांगितलं तर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या वेळी सोसायटीच्या लोकांना शाळा बदलून दिली होती, हायवे ओलांडून. तुझी आई रिक्षाने गेली, तिथं दीड तास उभी राहिली." मी विचारलं, मग केलं का मतदान? "केलं ना. येताना रिक्षा मिळेना, चालत आली. आणि तू कुठं नाव नोंदवलंयस म्हणालास, पॅरा काय?"